तार टीव्हीची, रस्ता शहराचा : अमेरिकेत केबलचा परवाना शहरं का देतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे हेडफोन आज घरी राहिलेत, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. बोलताना आलेले 'ते हे... काय म्हणतात ते' काढून टाकलेत, आकडे नीट मांडलेत. बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.

विषयाचं नाव ऐकून झोप येईल याची मला कल्पना आहे: केबल टीव्हीच्या फ्रँचायझीवर स्थानिक सरकारचं नियंत्रण. पण दोन मिनिटं थांबा, यात पैसा आहे, लाचखोरी आहे आणि नेटफ्लिक्ससुद्धा आहे.

आपले जे श्रोते अमेरिकेत राहतात त्यांनी घरचं केबलचं बिल काढून बघा. टीव्ही घेतला असेल तर बहुतेक ठिकाणी खाली करांच्या गर्दीत 'फ्रँचायझी फी' अशी एक ओळ दिसेल. टीव्हीचे ८० डॉलर असतील तर ही रक्कम जास्तीत जास्त ४ डॉलर. हे ४ डॉलर वॉशिंग्टनला जात नाहीत, बहुतेक करून तुमच्या शहराच्या तिजोरीत जातात. आता टीव्ही बंद करून त्याच कंपनीचं नुसतं इंटरनेट ठेवा. ओळ गायब! तार तीच, खांब तोच, रस्ता तोच. मग शहराचे ४ डॉलर गेले कुठे?

आजचा सगळा एपिसोड या एका प्रश्नावर आहे.

आधी डोंगर, मग अँटेना, मग तार

१९४८ च्या आसपास अमेरिकेत टीव्ही नुकता आला होता. स्टेशनं मोठ्या शहरात. डोंगराआडच्या गावांत सिग्नल पोचायचा नाही, पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यात १९४८ ते १९५२ या काळात एफसीसीने, म्हणजे तिथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने, नव्या टीव्ही स्टेशनांचे परवाने थांबवून ठेवले होते. त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नव्हता.

मग लोकांनी जुगाड केला. ओरेगॉनमधल्या अस्टोरिया गावात एड पार्सन्स यांनी उंचावर अँटेना लावून सिएटलचं स्टेशन पकडलं आणि तारेने शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत नेलं. पेनसिल्व्हेनियात महानॉय सिटीचे जॉन वॉल्सन, लॅन्सफर्डचे रॉबर्ट टार्लटन यांनी तेच केलं. यातले काही जण टीव्ही विकणारे दुकानदार होते. चित्रच दिसत नसेल तर टीव्ही घेणार कोण? म्हणून डोंगरावर एक मोठा अँटेना आणि तिथून घरोघरी तार.

इथे सरकारने लायसन्स द्यावं असं काही नव्हतं. हवेतली फ्रीक्वेन्सी वापरायची तर केंद्राची परवानगी लागते, पण तारेतून सिग्नल नेणारा हवा वापरतच नाही. तो वापरतो रस्ता. तार रस्त्याच्या कडेच्या खांबांवरून जाते, रस्ता ओलांडते, कधी रस्त्याखाली पुरावी लागते. आणि रस्ता शहराचा. म्हणून केबलवाला पहिल्यांदा ज्या दारात गेला ते दार सिटी हॉलचं होतं.

हा मुद्दा लक्षात ठेवा. शहराचा केबलवरचा हक्क टीव्हीमुळे आला नाही, रस्त्यामुळे आला. शहर म्हणालं, आमची जागा वापरतोस ना, मग करार कर. या कराराचं नाव फ्रँचायझी. वडापावच्या दुकानाची फ्रँचायझी वेगळी. इथे अर्थ आहे: सार्वजनिक रस्ता वापरून धंदा करायची शहराने दिलेली मुभा, काही वर्षांसाठी, काही अटींवर.

आखूडशिंगी, बहुदुधी कंपनी हवी

१९७५ मध्ये एचबीओ उपग्रहावरून सुरू झालं आणि चित्रच बदललं. आता केबल म्हणजे डोंगराआडच्या गावाची सोय राहिली नाही. जे साध्या अँटेनावर दिसत नाही ते दाखवणारी गोष्ट झाली. मोठ्या शहरांतही मागणी आली. आणि कंपन्या शहरांच्या दारात रांगा लावून उभ्या राहिल्या.

बहुतेक शहरांनी एकाच कंपनीला परवाना दिला. कारण असं सांगितलं जायचं, की दोन कंपन्यांनी दोनदा रस्ता खोदून दोन तारा टाकणं वेडेपणा आहे, हा धंदा मुळातच मक्तेदारीचा आहे. ऐकायला पटतं. पण मक्तेदारी वाटण्याचा अधिकार हातात आला की वाटणाऱ्याची चंगळ होते.

कंपन्यांनी काय काय कबूल केलं! शाळांना फुकट कनेक्शन, शहरासाठी स्टुडिओ, कॅमेरे, कम्युनिटी सेंटरं. गावातल्या वजनदार लोकांना स्वस्तात शेअर देऊन आपल्या बाजूला उभं करायचीही पद्धत होती. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत तर हजारो झाडं लावण्याचं आश्वासन होतं. केबलचा आणि झाडांचा संबंध काय, ते विचारू नका.

सॅक्रामेंटोचं प्रकरण पुढे कोर्टात गेलं. परवाना न मिळालेल्या एका कंपनीने दावा लावला आणि १९८७ मध्ये ज्यूरीने सांगितलं, की 'मक्तेदारीच असायला हवी' हे इथे निमित्त होतं. खरा हेतू त्या परवान्याच्या बदल्यात पैसे आणि सोयी काढून घेण्याचा होता.

आणि ही त्यातली सभ्य बाजू झाली. टेलिप्रॉम्प्टर ही त्या काळातली देशातली बलाढ्य केबल कंपनी. तिचे प्रमुख अर्व्हिंग कान यांना १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन शहराच्या अधिकाऱ्यांना फ्रँचायझीसाठी लाच दिल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. ते तुरुंगात गेले.

म्हणजे 'स्थानिक नियंत्रण' हा शब्द ऐकून लगेच हात जोडू नका. नियंत्रण जवळ असलं की ते लोकांच्या जवळ असतं, तसंच लाच देणाऱ्याच्याही जवळ असतं. दोन्ही खरं आहे.

१९८४ : नियमांची चौकट

हा गोंधळ आवरायला अमेरिकन काँग्रेसने १९८४ मध्ये केबल कायदा केला. आजही मूळ चौकट तीच आहे. सोप्या भाषेत सांगतो.

शहराला काय मिळालं? एक, फ्रँचायझीशिवाय केबल सेवा देता येणार नाही, हे कायद्यानेच मान्य केलं. दोन, शहर फी घेऊ शकतं, पण केबल सेवेतून येणाऱ्या एकूण महसुलाच्या ५ टक्क्यांपर्यंतच. तीन, शहर काही चॅनल लोकांसाठी राखून ठेवायला सांगू शकतं. चार, एखाद्या वस्तीतले लोक गरीब आहेत म्हणून तिथे तार टाकायची नाही, असं कंपनीला करता येणार नाही, आणि हे बघायची जबाबदारी शहराची.

या चौथ्या अटीवर जरा थांबा. कंपनीचा हिशोब साधा असतो: जिथे पैसे तिथे तार. श्रीमंत उपनगर आधी, गरीब मोहल्ला 'पुढच्या टप्प्यात'. आणि पुढचा टप्पा कधी येतो ते आपल्याला माहीत आहे. या हिशोबाच्या आड येऊ शकणारा एकच माणूस होता: रस्त्याची चावी ज्याच्या हातात तो. 'तिकडचे रस्ते हवेत ना? मग इकडेही तार टाक.' याला म्हणतात वजन.

शहराला काय मिळालं नाही? कोणता कार्यक्रम दाखवायचा, कोणता नाही, हे ठरवायचा अधिकार नाही. मुदत संपली म्हणून कंपनीला सहज हाकलताही येत नाही. कराराच्या शेवटच्या ३ वर्षांत नूतनीकरणाची ठरलेली प्रक्रिया सुरू होते. त्यात लोकांना बोलावून 'तुमच्या गरजा काय आणि कंपनीने काम कसं केलं' हे विचारतात. रीतसर प्रक्रियेत नकार द्यायचा तर ४ च कारणं चालतात: जुना करार पाळला नाही, सेवा चांगली दिली नाही, कंपनीची ऐपत नाही, किंवा तिचा नवा प्रस्ताव शहराच्या गरजांना पुरेसा नाही.

आणि दर? तो अधिकार १९८६ च्या अखेरीस बहुतेक शहरांच्या हातून गेला. मग काय झालं? काँग्रेसनेच १९९२ च्या कायद्यात नोंदवलं, की दरांवरचं नियंत्रण सुटल्यापासून केबलचे दर महागाईच्या जवळजवळ तिप्पट वेगाने वाढले. लोक इतके वैतागले होते की राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी हा कायदा नाकारल्यावर काँग्रेसने तो त्यांच्या डोक्यावरून मंजूर केला. त्यांच्या पूर्ण कारकिर्दीत त्यांचा नकार उलटवला गेला तो एवढ्या एकदाच. कशावरून? टीव्हीच्या बिलावरून!

याच १९९२ च्या कायद्याने एकाच कंपनीला परवाना द्यायची पद्धत बंद केली. शहराने दुसऱ्या कंपनीला विनाकारण अडवायचं नाही, असं ठरलं. आता एकाच रस्त्यावर दोन तारा आल्या तरी शहराला नाही म्हणता येणार नव्हतं.

त्या ५ टक्क्यांचं होतं काय?

काही शहरांत हे पैसे सरळ शहराच्या सर्वसाधारण खर्चात जातात: रस्ते, पोलीस, वाचनालय. पण काही ठिकाणी त्यातला भाग जातो राखीव चॅनलना. यात तीन प्रकार: सामान्य लोकांसाठी, शिक्षणासाठी आणि स्थानिक सरकारसाठी.

लोकांच्या चॅनलवर कोणीही कार्यक्रम करू शकतो. मॅनहॅटनमध्ये हे १९७१ पासून चालू आहे. यूट्यूबच्या कितीतरी आधी स्टुडिओ, कॅमेरा आणि वेळ फुकट. साहजिकच तिथे अतरंगी लोकही यायचे. 'वेन्स वर्ल्ड' हा गाजलेला विनोदी सिनेमा आठवतो? तळघरात बसून शो करणारी दोन पोरं? ती याच चॅनलांची नक्कल होती.

पण माझ्या मते यातलं खरं सोनं तिसऱ्या प्रकारात आहे. सिटी कौन्सिलची बैठक, शाळा मंडळाची बैठक, बांधकाम परवानग्यांची सुनावणी. कोणी कट करत नाही, कोणी पार्श्वसंगीत टाकत नाही. तीन तास कंटाळवाणं फुटेज. मात्र तुमच्या घरासमोर गोदाम होणार आहे की नाही, ते त्याच तीन तासांत ठरतं. लहान गावातलं वर्तमानपत्र बंद पडलं की हा कॅमेरा अनेकदा त्या खोलीतला एकमेव साक्षीदार उरतो. आणि त्याचा पगार बऱ्याच ठिकाणी केबलच्या फ्रँचायझीतून निघतो.

म्हणून म्हटलं, ४ डॉलर कुठे गेले हा फक्त हिशोबाचा प्रश्न नाही.

तीन बाजूंनी कात्री

पहिली कात्री राज्यांची. २००५ च्या सुमारास फोन कंपन्यांना टीव्ही विकायचा होता. हजारो शहरांशी हजारो वाटाघाटी कोण करणार? टेक्सासने २००५ मध्ये सांगितलं, शहरात जाऊ नका, राज्याकडून एकच परवाना घ्या. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने तेच केलं, मग आणखी बऱ्याच राज्यांनी. फी बहुतेक ठिकाणी शहराला मिळत राहिली, पण वाटाघाटीचं टेबल गेलं. आणि टेबल गेलं की 'तिकडचे रस्ते हवेत तर इकडेही तार टाक' म्हणायची जागाच गेली.

दुसरी कात्री एफसीसीची. 'सरकारी काम, सहा महिने थांब' हे अमेरिकेतही चालतं, पण तिथे २००६ च्या आदेशाने त्याला घड्याळ लावलं: ज्या कंपनीला रस्ता वापरायची परवानगी आधीच आहे तिच्या अर्जावर शहराने ९० दिवसांत निर्णय घ्यायचा, बाकीच्यांच्या अर्जावर १८० दिवसांत. हे मला तरी रास्त वाटतं. पण २०१९ च्या आदेशात एफसीसी पुढे गेली. कंपनी शाळांना, सरकारी इमारतींना ज्या फुकट सेवा देते त्यांची किंमतही ५ टक्क्यांतच धरायची, असं ठरवलं. शहरं कोर्टात गेली. २०२१ मध्ये अपील कोर्टाने अर्धं तुमचं अर्धं आमचं केलं: किंमत धरा, पण बाजारभावाने नको, कंपनीला प्रत्यक्षात जेवढा जादा खर्च येतो तेवढीच.

तिसरी कात्री सगळ्यात धारदार, आणि ती कोणा एकाच्या हातात नाही. तिचं नाव इंटरनेट.

फी कशावर आहे? 'केबल सेवेच्या' महसुलावर. २००२ मध्ये एफसीसीने ठरवलं की केबलच्या तारेतून येणारं इंटरनेट ही 'केबल सेवा' नाही. झालं! त्याच तारेतून येणाऱ्या इंटरनेटच्या पैशांवर फ्रँचायझी फी बसेना. लोक टीव्हीचं पॅकेज सोडून इंटरनेटवर जायला लागले, तशी फी आटायला लागली.

ओरेगॉनमधल्या युजीन शहराने म्हटलं, ठीक आहे, आम्ही इंटरनेटसाठी रस्ता वापरल्याची वेगळी ७ टक्के फी घेऊ. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती वैध ठरवली. शहराने हुश्श केलं. पण २०१९ च्या त्याच आदेशात एफसीसीने सांगितलं, की केबल कंपनीकडून अशी वरची फी घेता येणार नाही. आणि २०२१ चा जो निकाल आत्ता सांगितला, त्यात कोर्टाने या मुद्द्यावर एफसीसीची बाजू घेतली. त्या खटल्याचं नावच 'युजीन शहर विरुद्ध एफसीसी' आहे.

मग काही शहरांनी मोर्चा वळवला नेटफ्लिक्स आणि हुलूकडे. ओहायोतल्या मेपल हाइट्स शहराचं म्हणणं होतं, तुम्हीही व्हिडिओच दाखवता, आमच्या रस्त्याखालच्या तारेतूनच येता, मग ५ टक्के द्या. नेटफ्लिक्सचं उत्तर सरळ होतं: आम्ही कुठे रस्ता खोदला? तार दुसऱ्याची आहे. २०२२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने नेटफ्लिक्स आणि हुलूच्या बाजूने निकाल दिला.

इंजिनिअरच्या नजरेतून

नेटवर्किंगचा पहिला धडा आठवा. सगळ्यात खाली तार, तिच्यावर डेटा कसा जायचा त्याचे नियम, सगळ्यात वर ॲप. हे थर वेगळे ठेवायचे असतात. वरच्या थरात काही बदललं तर खालचा थर मोडता कामा नये.

या कायद्याचं दुखणं नेमकं इथे आहे. भाडं आहे सगळ्यात खालच्या थराचं, म्हणजे रस्त्याचं. पण मोजलं जातं सगळ्यात वरच्या थरावर, म्हणजे 'टीव्ही' नावाच्या ॲपवर. १९८४ मध्ये याने काही बिघडत नव्हतं. तारेतून एकच गोष्ट वाहत होती. टीव्ही मोजला काय आणि तार मोजली काय, सारखंच. आज तारेतून सगळंच वाहतं आणि टीव्ही त्यातला लहान होत जाणारा भाग आहे. मीटर चुकीच्या पाइपला लावल्यासारखं झालंय.

माझ्या मते तर नेटफ्लिक्स कोर्टात बरोबर होतं. त्याने रस्ता खोदलाच नाही. रस्ता ज्याने खोदला त्याने भाडं द्यावं, मग तारेतून तो क्रिकेट दाखवो की ईमेल पाठवो. याच्या विरोधात एक वजनदार युक्तिवाद आहे: इंटरनेटवर अशी फी लावली तर ती शेवटी ग्राहकाच्याच बिलात येणार, आणि सगळ्यात जास्त झळ गरिबाला बसणार. हे नाकारता येत नाही. पण मग कौन्सिलच्या बैठकीतला कॅमेरा कोणाच्या पैशावर चालणार, आणि गरीब वस्तीत तार टाक असं कंपनीला कोण सांगणार, याचंही उत्तर द्यावं लागतं. ते आज कोणाकडे धड नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे गोष्ट वेगळीच घडली. महाराष्ट्रातली केबल आठवा: ही गच्ची ते ती गच्ची, मधे एखादं झाड. केबलवाला रस्त्याच्या डोक्यावरून उडी मारून गेला. त्यामुळे 'रस्ता आमचा, आमच्याशी बोल' असं म्हणायची वेळ महापालिकेवर फारशी आलीच नाही, असं मला वाटतं. १९९५ च्या केंद्रीय कायद्याखाली केबलवाल्याची नोंदणी २०२५ च्या सुरुवातीपर्यंत व्हायची ती हेड पोस्ट ऑफिसात! देखरेखीचे अधिकार जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त अशांकडे. दरांचे नियम ट्रायचे; २०१९ चे ते १३० रुपये आणि वर चॅनलचे पैसे तुम्हाला आठवत असतील. करमणूक कर होता, पण तो राज्याचा. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो राज्याच्या हातून गेला आणि करमणुकीवर कर लावायची मुभा फक्त पंचायती आणि महापालिकांपुरती उरली.

म्हणजे आपल्या नगरसेवकाला केबल कंपनीशी कराराच्या टेबलावर बसायची संधी कधी मिळालीच नाही. आता फायबरसाठी रस्ते खोदले जातात तेव्हा महापालिका खोदाईचे पैसे घेते. पण 'त्या वस्तीतही फायबर न्या' किंवा 'सर्वसाधारण सभेचं थेट प्रक्षेपण करा' अशी अट त्या परवानगीत असते का? पुढच्या वेळी तुमच्या गल्लीत खड्डा दिसला की हा प्रश्न वॉर्ड ऑफिसात विचारून बघा.

अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी वेगळं काम. तुमच्या शहराकडे अजून स्वतःची फ्रँचायझी असेल तर तिची मुदत कधी संपते ते सिटी क्लार्कच्या ऑफिसात विचारा. शेवटच्या ३ वर्षांत लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायची वेळ येते. त्या सुनावणीला सहसा खुर्च्या रिकाम्या असतात, त्यामुळे एक माणूस बोलला तरी नोंद होते.

आज इथेच थांबतो. तुमच्या भागात फायबर कोणत्या गल्लीत आलं आणि कोणत्या गल्लीत आलंच नाही, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू. तोवर काळजी घ्या, भेटूच!